म्हाताऱ्या कुत्र्याला गोचिडीचा पट्टा : त्रास पट्ट्याचा की वयाचा, हे कसं ओळखायचं?

परसवाडा (जि. बालाघाट) : पाऊस लागला की कोठ्यातल्या गाई-म्हशींच्या अंगावर गोचिडी वाढतात आणि दारातल्या कुत्र्याच्या कानातही त्या दिसू लागतात. हिंदीत किलनी म्हणतात ती हीच. आधी लोक चिमट्याने काढायचे, रॉकेलचा बोळा लावायचे. आता बालाघाट-गोंदियाच्या दुकानांतून किंवा मोबाईलवरून मागवलेला औषधी पट्टा कुत्र्याच्या गळ्यात दिसतो. एकदा बांधला की काही महिने चिंता नाही, असा त्याचा हिशेब असतो.

बहुतेक कुत्र्यांना या पट्ट्याचा त्रास होत नाही. पण घरातला कुत्रा दहा-बारा वर्षांचा असेल, पट्टा बांधल्यावर चार दिवसांत तो खाणं सोडत असेल, लडखडत असेल किंवा थरथरत असेल, तर घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, 'पट्टा लागला.' दुसरा म्हणतो, 'वय झालं होतं त्याचं.' कुत्रा गेल्यानंतर हा वाद मिटत नाही, कारण तोवर पट्टा उकिरड्यावर गेलेला असतो, डबी चुलीत गेलेली असते आणि बांधल्याची तारीख कोणालाच आठवत नसते.

याच प्रश्नावर अमेरिकेत बराच काळ वाद चालला. तिथेही घोडं अडलं ते माहितीपाशीच. म्हणून पट्ट्यात काय असतं, म्हाताऱ्या कुत्र्याला धोका जास्त का, लक्षणं कोणती आणि संशय आला तर पहिल्या दिवशी काय करायचं, याची ही माहिती.

पट्ट्यात नेमकं काय असतं?

औषधी पट्टा म्हणजे कीटकनाशक मुरवलेली प्लास्टिकची किंवा रबरासारखी पट्टी. ती कुत्र्याच्या अंगाला लागून राहते. औषध थोडं थोडं बाहेर येतं, कातडीवरच्या तेलकट थरात मिसळतं आणि तिथून अंगभर पसरतं. पिसू किंवा गोचीड त्या थराच्या संपर्कात आली की मरते किंवा गळून पडते. म्हणजे पट्टा गळ्यात असला तरी औषध शेपटीपर्यंत असतं. नुसता पट्टा काढल्याने ते लगेच जात नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

सगळे पट्टे एकसारखे नसतात. बाहेरून रंग तोच, वास तोच, पण आतलं औषध वेगळं. साधारण चार गट आहेत.

पहिला गट पायरेथ्रॉइडचा : डेल्टामेथ्रिन, फ्लूमेथ्रिन. हे किड्यांच्या मज्जातंतूंवर काम करतात.

दुसरा इमिडाक्लोप्रिडचा. हे नाव धान उत्पादकांना नवं नाही. बांधीत तुडतुडे पडले की हेच औषध फवारलं जातं. पट्ट्यात ते पिसवांसाठी असतं आणि बहुधा फ्लूमेथ्रिनच्या जोडीने येतं.

तिसरा अमिट्राझचा. गोचिडीवर हे जोरदार चालतं. जनावरांना धुण्यासाठी पाण्यात मिसळायचं औषध म्हणूनही ते मिळतं.

चौथा गट जुन्या औषधांचा : प्रोपॉक्सर आणि ऑर्गॅनोफॉस्फेट. प्रोपॉक्सरचे पट्टे भारतातही विकले गेले आहेत. अमेरिकेत २०१४ मध्ये सरकार आणि उत्पादक कंपन्यांमध्ये करार होऊन असे पट्टे बाजारातून काढायचं ठरलं. कारण कुत्र्यांचं नव्हतं, लहान मुलांचं होतं. मुलं कुत्र्याला मिठी मारतात, पट्ट्याला हात लावतात आणि तोच हात तोंडात घालतात.

म्हणून पट्टा घेताना किमतीआधी डबीवर औषधाचं नाव वाचावं. नाव छापलेलंच नसेल, नुसतं 'हर्बल' किंवा 'नॅचरल' लिहिलं असेल, तर त्रास झाल्यावर डॉक्टरला उपचार ठरवायला काहीच आधार राहत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्याचं वेगळं काय?

मोठ्या अंगाचा कुत्रा सात-आठ वर्षांत म्हातारा होतो, लहान अंगाचा दहा-अकरा वर्षांत. तोंडाभोवती पांढरे केस, झिजलेले दात, डोळ्यांत निळसर धूसरपणा आणि उठताना मागचे पाय जड होणं या त्याच्या खुणा.

शरीरात गेलेलं औषध निकामी करण्याचं काम मुख्यतः यकृत करतं आणि बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंड. वयाबरोबर दोन्हींचा जोर कमी होतो. जवान कुत्र्याचं शरीर जेवढं औषध सहज पचवतं, तेवढंच म्हाताऱ्या शरीरात जास्त वेळ रेंगाळू शकतं. कातडी पातळ झालेली असते, तिच्यावर जखमा, खरूज असते. वजन उतरलेलं असतं. दोन वर्षांपूर्वीच्या वजनावर घेतलेला पट्टा आज जास्त होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे आधीपासून चालू असलेली औषधं. हृदयाची, झटक्यांची, सांधेदुखीची गोळी असेल तर दोन औषधांची गाठ पडते. अमिट्राझ रक्तातली साखर वाढवतं आणि हृदयाचे ठोके मंद करतं. त्यामुळे मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या कुत्र्याला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. म्हातारपणी होणाऱ्या विसराळूपणासाठी काही कुत्र्यांना सेलेजिलीन नावाची गोळी देतात. तिच्याबरोबर तर अमिट्राझ टाळायचंच असतं.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्येच पाळीव प्राण्यांवर वापरायच्या कीटकनाशकांच्या वेष्टनांसाठी सूचना काढल्या. अशक्त, म्हाताऱ्या, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या जनावराला वापरण्याआधी पशुवैद्यकाला विचारा, असं वेष्टनावर छापावं, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे म्हातारं कुत्रं हा जोखमीचा गट आहे, ही गोष्ट वेष्टनावरच लिहून ठेवलेली असते. अक्षर मात्र इतकं बारीक असतं की चष्मा लावूनही वाचायला त्रास व्हावा.

लक्षणं : साधी आणि गंभीर

सगळ्यात जास्त दिसणारा त्रास कातडीचा असतो. पट्ट्याखाली लाली येते, खाज सुटते, केस गळतात, कधी चिघळतं. पट्टा काढला आणि जागा धुतली की बहुतेक वेळा हे बरं होतं. कधी कधी दोष औषधाचा नसतो, घट्ट बांधलेल्या पट्ट्याचा असतो. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत आणि उरलेलं टोक कापून टाकायला हवं. नाहीतर कुत्रा किंवा त्याच्या सोबतचं पिल्लू ते चघळतं.

त्यापुढची लक्षणं औषधानुसार बदलतात. पायरेथ्रॉइडचा त्रास असेल तर लाळ गळते, कान-कातडी फडफडते, अंग थरथरतं, हात लावला तरी कुत्रा दचकतो, चाल बिघडते. इमिडाक्लोप्रिड चघळण्यातून पोटात गेलं तर लाळ, उलटी, थरथर दिसते. अमिट्राझमध्ये उलट चित्र असतं. कुत्रा सुस्त पडतो, हाक मारली तरी मान उचलत नाही, ठोके मंद होतात, बाहुल्या मोठ्या होतात, अंग थंड लागतं. प्रोपॉक्सर किंवा ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या आणि श्वासाला त्रास होतो. फवारणी अंगावर आलेल्या माणसाला जे होतं, तेच इथेही होतं.

हा फरक सांगण्याचं कारण सरळ आहे. उपचारही वेगवेगळे आहेत. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत ॲट्रोपिन देतात. अमिट्राझसाठी दुसरीच औषधं आहेत. पायरेथ्रॉइडला नेमका उतारा नाही, तिथे थरथर आवरायची आणि अंग धुवायचं, एवढंच हातात असतं. डॉक्टरांच्या हातात डबी पडली तर पहिला अर्धा तास वाचतो.

वयाचे आजार आणि पट्ट्याचा त्रास : गल्लत कुठे होते?

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत खरी अडचण इथे आहे. पट्ट्याने होणारं जवळजवळ प्रत्येक लक्षण वयाच्या एखाद्या आजारातही दिसतं.

मूत्रपिंड थकलं की कुत्रा खाणं सोडतो, उलट्या करतो, पाणी जास्त पितो, तोंडाला घाण वास येतो. हृदय कमजोर झालं की सुस्त पडतो, खोकतो. मेंदूत गाठ असेल तर म्हातारपणी पहिल्यांदाच झटके येऊ शकतात.

सगळ्यात फसवा आजार कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा. म्हातारा कुत्रा अचानक मान एका बाजूला वाकडी करतो, गोल गोल फिरतो, पडतो, डोळे एका लयीत हलतात. लोक म्हणतात, 'लकवा मारला.' हा त्रास कोणत्याही पट्ट्याशिवाय होतो आणि बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत उतरायला लागतो, दोन-तीन आठवड्यांत कुत्रा सावरतो. आता समजा त्याच आठवड्यात नवा पट्टा बांधला होता आणि घाबरून काढून टाकला. कुत्रा बरा झाला. घरच्यांची खात्री पटते की दोष पट्ट्याचाच होता. प्रत्यक्षात तो पट्टा न काढताही बरा झाला असता.

उलट चूकही तितकीच होते. कुत्रा थरथरतो, लडखडतो, 'म्हातारा झाला' म्हणून पट्टा गळ्यात तसाच राहतो आणि औषध रोज थोडं थोडं अंगात जात राहतं. पहिल्या चुकीत एक पट्टा वाया जातो. दुसऱ्या चुकीत कुत्रा जातो. म्हणूनच संशय आला की आधी पट्टा काढायचा आणि मग विचार करायचा.

तिसरी शक्यता विसरून चालत नाही, ती म्हणजे गोचिडीचा ताप. तपकिरी गोचीड चावल्याने कुत्र्याला एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार होतात. ताप, खाणं बंद, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, गडद रंगाची लघवी ही त्याची लक्षणं. पट्टा बांधण्याआधीच गोचीड चावून गेलेली असेल तर आजार पट्टा बांधल्यावर उघड होतो. मग बोट पट्ट्याकडे जातं आणि उपचार राहून जातो. रक्ताची साधी तपासणी, पेशींची मोजणी आणि काचपट्टीवरचा नमुना यातून बराच उलगडा होतो.

अमेरिकेत काय घडलं?

गोचिडीच्या पट्ट्यावर जगातला सगळ्यात मोठा वाद अमेरिकेत झाला, सेरेस्टो या पट्ट्यावरून. त्यात इमिडाक्लोप्रिड आणि फ्लूमेथ्रिन असतं आणि तो आठ महिने चालतो. तिथे त्याला २०१२ मध्ये परवानगी मिळाली. आधी तो बायर कंपनीचा होता. २०२० मध्ये बायरचा पशुऔषधांचा व्यवसाय एलॅन्को कंपनीने घेतला.

मार्च २०२१ मध्ये तिथल्या शोध पत्रकारांनी सरकारी नोंदींचे आकडे छापले. २०१२ ते जून २०२० या काळात या पट्ट्याबद्दल ७५,००० हून जास्त तक्रारी आल्या होत्या. त्यांत जवळपास १,७०० प्राण्यांच्या मृत्यूच्या होत्या आणि जवळपास १,००० तक्रारी माणसांना झालेल्या त्रासाच्या होत्या. अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीने चौकशी लावली. तिचे अध्यक्ष राजा कृष्णमूर्ती या भारतीय वंशाच्या खासदारांनी पट्टा बाजारातून मागे घ्यावा असं कंपनीला सांगितलं. जून २०२२ मध्ये या समितीने अहवाल दिला, तोवर नोंदी ९८,००० आणि मृत्यूंच्या तक्रारी २,५०० च्या वर गेल्या होत्या. कॅनडाने हाच पट्टा २०१६ मध्ये नाकारला होता, हेही त्यातून पुढे आलं.

कंपनीचं म्हणणं वेगळं होतं. अडीच कोटींहून जास्त प्राण्यांनी हा पट्टा वापरला, तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांपेक्षा कमी आहे, त्यातही बहुतेक तक्रारी लाली, खाज, केस गळणे अशा आहेत आणि तक्रार आली म्हणजे कारण सिद्ध झालं असं होत नाही, अशी बाजू तिने मांडली. पट्टा मागे घेतला गेला नाही.

जुलै २०२३ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने आपला निष्कर्ष जाहीर केला. अन्न व औषध प्रशासनाच्या पशुवैद्यकांची मदत घेऊन मृत्यूच्या नोंदी एकेक करून तपासल्या होत्या. ज्या मृत्यूंचा संबंध पट्ट्याशी नक्की किंवा बहुधा आहे असं ठरलं, ते विषाने झालेले नव्हते. पट्टा कुठेतरी अडकला, वेळेवर सुटला नाही, गळा आवळला किंवा इजा झाली, असे ते होते. मज्जासंस्थेचे मध्यम ते गंभीर त्रास पट्टा काढल्यावर बऱ्याचदा कमी झाले किंवा थांबले, असंही दिसलं. पण कारण पट्टाच आहे हे ठरवायला प्राण्याचा आधीचा आजार, चालू औषधं अशी माहिती लागते आणि ती बऱ्याच नोंदींत नव्हतीच.

शेवटी परवानगी कायम राहिली, पण अटींसह. मुदत पाच वर्षांची, वेष्टनावर त्रासाची लक्षणं आणि 'दिसल्यास पट्टा काढा' ही सूचना, कुत्र्यांच्या आणि मांजरांच्या पट्ट्याची नोंदणी वेगळी, नोंदी जास्त तपशिलाने देण्याचं बंधन आणि पट्टा अडकल्यास सुटण्याच्या सोयीचा फेरविचार.

आकडे कसे वाचायचे?

७५,००० हा आकडा ऐकून छाती दडपते. अडीच कोटींशी ताडून पाहिलं तर तो हजारात तीन होतो. मृत्यूच्या तक्रारी साधारण पंधरा हजारांत एक. पण हे गणितही पुरतं खरं नाही, कारण दोन्ही बाजूंनी त्यात भोकं आहेत.

एकीकडे अनेक लोक तक्रार करतच नाहीत. कुत्रा गेला, पुरला, विषय संपला. म्हणजे खरा आकडा जास्त असू शकतो. दुसरीकडे, आठ महिने गळ्यात राहणारा पट्टा म्हाताऱ्या कुत्र्याला बांधला तर त्या आठ महिन्यांत काही कुत्रे त्यांच्या आजाराने जाणारच. मेला तेव्हा गळ्यात पट्टा होता, एवढ्यावर पट्ट्याने मेला असं होत नाही. म्हणजे खरा आकडा कमीही असू शकतो.

म्हणून पशुवैद्यक अशा नोंदी चार खणांत टाकतात : बहुधा संबंध आहे, संबंध असू शकतो, माहिती अपुरी, बहुधा संबंध नाही. पहिल्या खणात जायला काही गोष्टी जुळाव्या लागतात. त्रास पट्टा बांधल्यावर सुरू झाला का, लक्षणं त्या औषधाची आहेत का, पट्टा काढल्यावर उतार पडला का आणि दुसरं कारण तपासून बाजूला सारलं का. 'खात्री करू' म्हणून पट्टा पुन्हा बांधून पाहायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडचा धोका नुसत्या पट्ट्याचा नाही

परसवाडा, बैहर, लांजीपासून पलीकडे गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत गावात कुत्रा आणि गुरं एकाच अंगणात असतात. गुरांसाठी आणलेलं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ उरलं की तेच अंदाजाने पाण्यात टाकून कुत्र्याला धुतात. त्यावर पावडर, त्यावर पट्टा आणि वरून कोणीतरी गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतं. चारही गोष्टी गोचिडीसाठीच असतात, पण चारही एकाच अंगात जातात. अशा वेळी त्रास झाला तर दोष कोणाचा, हे कोणी सांगू शकत नाही. एका वेळी एकच उपाय, हा साधा नियम इथे सगळ्यात उपयोगाचा आहे.

शेतातलं इमिडाक्लोप्रिड कुत्र्याला लावू नये. नाव तेच असलं तरी बाटलीतलं औषध पिकासाठी बनवलेलं असतं, त्याचं प्रमाण आणि त्यातले इतर घटक वेगळे असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते लोक अजून विसरलेले नाहीत. जी बाटली माणसाला झेपत नाही, ती पंधरा किलोच्या कुत्र्याला कशी झेपेल?

तिसरी गोष्ट बनावट मालाची. नावाजलेल्या पट्ट्यांच्या नकला ऑनलाइन विकल्या जातात. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने असे बनावट पट्टे जप्त केले आहेत. नकली पट्ट्यात औषध कमी असू शकतं, जास्त असू शकतं किंवा भलतंच असू शकतं. बॅच नंबर, मुदत, उत्पादकाचा पत्ता नसलेला पट्टा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

संशय आला तर पहिल्या तासात

१. पट्टा काढा. फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. डबीही जपून ठेवा.

२. हातात मोजे किंवा पिशवी घालून कुत्र्याला कोमट पाण्याने आणि भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने धुवा. मान, छाती, पाठ नीट धुवा. लगेच कोरडं करा. म्हातारा कुत्रा गारठला तर थरथर वाढते.

३. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नका. उलटी करायला लावू नका. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही घातलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

४. झटके, श्वासाचा त्रास, बेशुद्धी असेल किंवा कुत्र्याने पट्टा चावून गिळला असेल, तर वाट पाहू नका. पशुवैद्यकाकडे न्या. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा नंबर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडे आहे. मोठ्या तपासण्यांसाठी या भागातून जबलपूर किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं.

५. लहान मुलाने पट्टा तोंडात घातला असेल तर मुलाला डॉक्टरकडे न्या. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा नंबर १८०० ११६ ११७ आहे, तो दिवसरात्र चालतो.

वहीत काय लिहायचं?

अमेरिकेतल्या हजारो नोंदी ज्या माहितीअभावी अर्धवट राहिल्या, ती माहिती एका पानावर मावते. कुत्र्याचं वय आणि वजन. आधीचे आजार, चालू गोळ्या. पट्ट्याचं नाव, औषध, बॅच नंबर, मुदत, कुठून घेतला. बांधल्याची तारीख. पहिलं लक्षण कधी आणि कोणतं. पट्टा कधी काढला, त्यानंतर काय झालं. त्याच पंधरवड्यात दुसरं कोणतं औषध लावलं, पाजलं, टोचलं का. मोबाईलवर कुत्र्याच्या चालीचा, थरथरण्याचा व्हिडिओ काढला तर डॉक्टरला शंभर प्रश्न विचारावे लागत नाहीत.

हे पान पशुवैद्यकाला द्यावं आणि डबीवरच्या पत्त्यावर कंपनीलाही कळवावं. कंपनीकडून उत्तर येवो न येवो, कळवल्याची तारीख आपल्याकडे राहते.

कुत्रा गेलाच, तर शवविच्छेदनाबद्दल डॉक्टरांना विचारावं. मन तयार होत नाही, हे खरं. पण मृत्यूनंतर खात्रीने काही सांगू शकणारा तोच एक मार्ग असतो. गिधाडं कशाने मरतात हेही मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांची तपासणी केल्यावरच कळलं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक त्यांना मारत होतं. २००४ मध्ये ते संशोधन आलं आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठीचं हे औषध बंद करायला सुरुवात केली. तपासणी झाली नसती तर गिधाडांचंही 'साथ आली, गेले' असंच झालं असतं.

मग पट्टा बांधायचा की नाही?

गोचीड तशीच सोडणं हा काही सुरक्षित पर्याय नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला गोचिडीचा ताप जवान कुत्र्यापेक्षा जड जातो. पण निवड डोळे उघडे ठेवून करावी.

पट्टा बांधण्याआधी एकदा पशुवैद्यकाला दाखवावं, यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करता आली तर उत्तम. आजचं वजन करावं. पट्टा सकाळी बांधावा, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. पहिले तीन-चार दिवस खाणं, चाल, झोप पाहावी. घरात मांजर असेल तर तेही डॉक्टरला सांगावं, कारण कुत्र्याला चालणारी काही औषधं, विशेषतः परमेथ्रिन, मांजराचा जीव घेऊ शकतात. लहान मूल कुत्र्याजवळ झोपत असेल तर पट्ट्यापेक्षा दुसरा उपाय बरा.

पोटातून द्यायच्या गोळ्याही आहेत : फ्लूरालॅनर, अफॉक्सोलॅनर आणि त्यांच्या गटातली इतर औषधं. मुलांच्या हाताला त्यांचा संपर्क येत नाही. पण त्याही निर्धोक म्हणता येत नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या गटामुळे काही प्राण्यांना थरथर, तोल जाणं, झटके असे त्रास होऊ शकतात, असा इशारा दिला. ज्या कुत्र्याला आधी झटके आले आहेत त्याच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलूनच गोळी द्यावी.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय भिंतीत आहे. कुत्र्याची तपकिरी गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. ती भिंतीच्या भेगांत, गोणपाटाखाली, कुत्र्याच्या बसायच्या जागेजवळ असते आणि एक मादी तिथे हजारो अंडी घालते. भेगा लिंपणं, कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकणं, रोज संध्याकाळी कान, काख, बोटांमधल्या जागा चाचपून चिमट्याने गोचिडी काढणं, यात पैसा लागत नाही. चिमटा कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा, बोटाने चिरडायची नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हे जितकं नियमाने होईल, तितकं औषध कमी लागतं.

पट्टा बांधायचाच ठरला, तर बांधला त्या दिवशी घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करावी आणि डबी वरच्या फळीवर ठेवावी. पुढे कधी 'पट्टा लागला की वय झालं' हा प्रश्न आलाच, तर उत्तराची सुरुवात त्या खुणेपासून होते.